उपाशी फ्लास्क

मोठ्या बहिणीच्या लग्नासाठी मी तीन दिवस रेणापूरला गेले होते. नांदेडच्या प्रयोगशाळेत माझे मलेरियाचे जंतू माणसाच्या रक्तावर वाढत होते. त्यांचं खाद्य रोज बदलावं लागतं. ते काम मैत्रिणीवर सोपवलं, पण मागच्या कप्प्यातला एक फ्लास्क तिला दाखवायचाच राहिला. चूक माझी होती, त्यामुळे राग जास्त आला.

परतले तेव्हा फ्लास्कात जंतूंची दाटी झालेली आणि निम्मे मेलेले. सकाळी ओतून टाकायचं ठरवलं. डोळे तपासायला आई पंधरा दिवसांसाठी माझ्यासोबत नांदेडला आली होती. जेवताना मी ताटं आपटायला लागले तशी ती म्हणाली, झालं काय ते तरी सांग. मी सांगितलं. तीन महिने मला त्या जंतूंचं डासात जाणारं रूप हवं होतं, ते मिळत नव्हतं, आणि आता हेही गेलं.

आईचा जन्म दुसऱ्यांच्या शेतात खुरपण्यात गेलेला. ती शांतपणे भाकरी मोडत म्हणाली, "पान्याचा ताण पडला की हरभरा वाढायचं सोडतो अन् लवकर घाट्यावर येतो, दाने धरतो. टाकू नकु, बघ चार दिस."

मी हात धुवायला उठले आणि तशीच उभी राहिले. हे मी वाचलेलं होतं, दोनदा शिकवलंही होतं. एक जनुक प्रत्येक जंतूत असतं, बहुतेकांत गुंडाळून बंद. उपासमार झाली की थोड्याजणांत ते उघडतं, आणि पुढची बरीच जनुकं त्याच्यामागे जागी होतात. ते जंतू वाढायचं सोडून डासात जायच्या तयारीला लागतात. रागाच्या भरात माझी सगळी विद्या चुलीत गेली होती.

फ्लास्क ठेवला, रोज खाऊ घातलं. बाराव्या दिवशी काचपट्टीवर कोयत्यासारखे वाकडे जंतू दिसले, डासात जाणारं तेच रूप. मी खुर्चीत बसून चक्क रडले.

फोटो आईला दाखवायला खोलीवर धावले. तिने मोबाईल लांब धरून विचारलं, "समदेच असे झाले का?"

"नाही गं, थोडेच."

"मंग शहाने हायेत. समदं बी एकदाच पेरत न्हाईत."

आता मी मुद्दाम फ्लास्क उपाशी ठेवते. आई रेणापूरहून फोन करते, मी जेवले का ते आधी विचारते, मग त्यांचं.