तिसऱ्यांदा परत आलेला वूफर

तो सबवूफर तिसऱ्यांदा परत आला तेव्हा मी पहिली शिवी रबराला हासडली, दुसरी गोंदाला. स्वतःच्या कानाला एकही दिली नाही, आणि खरं सांगायचं तर भीती त्याचीच वाटत होती. आमच्या स्पीकर दुरुस्तीच्या धंद्यात मीटर सगळ्यांकडे असतो, पण शेवटचा निकाल कान देतो. स्पीकरचा नवा कागद, म्हणजे समोरचा थरथरणारा शंकू, बसवला की त्यावर दोन्ही हातांची बोटं ठेवायची, हळूच खाली दाबायचं आणि ऐकायचं. आतली कॉईल चुंबकाला जराशी जरी घासत असली तरी खर्र असा बारीक आवाज येतो. तो ज्याला ऐकू येत नाही त्याने सरळ दुकान बंद करावं, असं मी इतर मिस्त्रींबद्दल अंबड रोडच्या टपरीवर चहा पिताना खुशाल बोलत असे.

वूफरचा मालक एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये कामाला. सगळी उमर सळयांच्या खणखणाटात गेलेली, त्यामुळे त्याला कमी ऐकू यायचं. तरी जुन्या गाडीच्या डिकीत त्याने हा बारा इंची वूफर बसवून घेतला होता. "गाणं कानाला समजत न्हाई आता भाऊ, पण पाठीत वाजलं की बरं वाटतं," असं तो म्हणायचा. सुट्टीच्या दिवशी बायकोला घेऊन तिच्या माहेरी, पिंपळगाव रेणुकाईला जाताना तो वाजवत जायचा.

पहिल्या खेपेला कागदाभोवतीचा फोम गळून पडला होता. गाडी दिवसभर मिलच्या आवारात उन्हात उभी. आमच्याकडच्या उन्हाळ्यात फोमला बोट लावलं की त्याचा खारी बिस्किटासारखा भुगा होतो. मी रबराची कडा बसवली. ती जड असते, पण उन्हाला पुरून उरते. आठवडाभरात तो परत हजर. "बायको म्हणते, खरखर येऊन राह्यली."

मग मी लोखंडी धुळीला धरलं. मिलची धूळ कुठेही शिरते, आणि चुंबक तर तिला बोलावूनच घेतो. चिकटपट्टी घालून चुंबकाची फट साफ केली. नवी कॉईल घातली, तीही अॅल्युमिनियमच्या नळीवरची, कितीही तापली तरी टिकणारी. ती बरोबर मधोमध बसावी म्हणून जुन्या एक्स-रेच्या पट्ट्या कापून भोवती खोचल्या आणि गोंद वाळल्यावर उपसून काढल्या. दाबून ऐकलं. काही नाही. त्यालाही दाबायला लावलं. "बराबर हाय," तो म्हणाला. ज्याला धड ऐकू येत नाही त्याचं सर्टिफिकेट मी आनंदाने घेतलं, यावरून माझी अवस्था समजावी.

आणि आता हा तिसऱ्यांदा समोर. मी पिसाळलोच. संभाजीनगरच्या व्यापाऱ्याला फोन करून भांडलो, की तुमचा मालच खराब. जाड कागद मागवला, प्लॅस्टिकचा मागवला, कागदाला मधोमध धरून ठेवणारी चुण्यांची कापडी चकती कडकही मागवली आणि मऊही. गोंद दोन जातींचा. एक जोडायचो, वाळायच्या आधीच दुसऱ्यावर जीव जायचा. जेवायला बसलो की बोटं ताटाच्या काठावर दाबत राहायची. टीव्हीचा आवाज सारखा कोण कमी करतं म्हणून घरात खेकसायचो, तर बायको म्हणायची, "अहो, कोणी हात बी लावला न्हाई त्याला."

शेवटी जाड कागद, कडक चकती आणि महागातला गोंद यांवर मन बसलं. या वेळी मिलवाला त्याच्या बायकोला सोबत घेऊनच आला. मी वूफर टेबलावर ठेवला आणि कागद दाबला. "आता ऐका वहिनी."

"येऊन राह्यली की खरखर," ती लगेच म्हणाली. "तुम्हाला येत न्हाई का भाऊ?"

मी पुन्हा दाबला. मग वूफरकडे न बघता तिच्या चेहऱ्याकडे बघत दाबला. कागद अर्ध्यावर आला की दर वेळी तिचा डोळा बारीक व्हायचा, दाताखाली खडा आल्यासारखा. पाच वेळा दाबला, पाचही वेळा त्याच जागी. मला काहीच ऐकू येत नव्हतं. कॉईल वाकडी बसली होती, मीच बसवली होती, आणि शिव्या घालायला आता कुठला माल उरला नव्हता.

मिलवाला माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं. तो हसला असता तर बरं झालं असतं.

"माझी पहिल्यांदा मोहरी गेल्ती भाऊ," तो म्हणाला. "फोडणीत तडतडलेली ऐकूच यीना. म्या म्हणलं, तेल तापलं नसंल. बायकोशी भांडलो, तेलाचा डबा बदलला."

मला त्याचा भयंकर राग आला. त्याचं काय चुकलं होतं? "उद्या या," एवढंच मी बोललो आणि भर दुपारी शटर ओढलं.

घरी आलो तर बायको वरणाला फोडणी देत होती. चप्पल पायात तशीच ठेवून मी गॅसपाशी गेलो. कढल्यात तेल तापलेलं होतं. तिने मोहरी टाकली. दाणे उडायला लागले, कढल्याबाहेर पडायला लागले. मी कान खाली नेला.

"अहो, मागं सरका. केवढी तडतडून राह्यली ती!"

तिचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं. कढल्यातून मात्र कसलाच आवाज येत नव्हता.

"अजून टाक," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि चिमूटभर टाकली. एक दाणा उडून गालाला चटका बसला.

"अजून," मी म्हणालो.