तळेघरच्या जीपची पुढची सीट

दिवाळी झाली की आमच्या नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची आवक रोडावते आणि माझ्यासारख्या खोकीवाल्याला मान वर करायला फुरसत मिळते. २००१ सालच्या अशाच एका रिकाम्या आठवड्यात मी बायकोला म्हणालो, भीमाशंकरला जाऊन येतो, येताना तळेघरचा नवा तांदूळ आणतो.

"तांदूळ आणा म्हणजे झालं," ती म्हणाली.

वारूळवाडीहून निघालो. नारायणगावला एसटी धरून मंचर, तिथं मिसळ, मग घोडेगाव. त्याच्या पुढं एसटीच्या भरवशावर राहू नका. खरा आधार तळेघरच्या जीपचा, आणि जीपचा नियम एकच: भरली की सुटते. नंबर लावायला स्टँडवर एक अण्णा बसायचे. गाडी वेळेत भरली नाही तर ते चहा मागवत. कप खाली ठेवेपर्यंत पाशिंजर आले तर ठीक, नाहीतर नंबर पुढच्या गाडीला.

त्या दिवशी नंबर देवरामचा होता. डोंगरातला, महादेव कोळी जमातीचा पोरगा, काळासावळा, शर्टाला कडक इस्त्री. मी चहाच्या टपरीवर पाशिंजरांत उभा होतो आणि माझे कान काही बंद होत नाहीत.

"बैल हाकायची जात ही. घाटात घालायची का माणसं?"

"सकाळी सकाळी ते काळं थोबाड बघून निघाल्यावर देव तरी पावतोय का, राव!"

टपरीवाल्याकडून बाकीचं कळलं. स्टँडवर डोंगराकडची माणसं आजवर मागच्या फळीवर किंवा टपावर बसत आलेली. त्यातला एक स्टिअरिंगवर बसला हे कुणाला रुचत नव्हतं. अण्णांनी त्याला महिनाभर बघू म्हणून नंबर दिला होता. फेरी आणखी एकदा बुडाली की नाव कट.

मी जीपकडं गेलो. आत पाच-सहाजण बसलेले, सगळे डोंगराकडचे. पुढच्या सीटवर एका डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेली म्हातारी. मी आत शिरताच त्यातला एक गुपचूप उतरला. आणखी दोघं पाशिंजर आले, आणखी दोघं उतरले. माझ्या लक्षात आलं आणि हसू आलं. रिकाम्या गाडीत कोणी बसत नाही, रिकाम्या दुकानात कोणी शिरत नाही. खोकी विकायला लागलो तेव्हा माझा मेव्हणा दिवसभर गिऱ्हाईक बनून माझ्याशी घासाघीस करायचा.

होता होता खरे पाशिंजर भरत आले. शेवटी पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ आणि त्यांची बायको आली. मागं दोनच जागा होत्या, कोंबड्यांच्या पाटीशेजारी. गृहस्थ सरळ पुढं गेले.

"ऊठ गं म्हातारे. मागं हो."

म्हातारी सवयीनं उठायला लागली. एवढी वर्षं कुणी ऊठ म्हटलं की ती उठतच आलेली.

"मावशे, बस खाली," देवराम म्हणाला. "आज तू खरी पाशिंजर हाईस. डोळ्याचं आप्रेशन करून घरी चाललीस."

"मग मी कोंबड्यांत बसू व्हय रं?" गृहस्थ म्हणाले.

"जागा हाय तिथं बसा, भाऊ. पुढं मावशी आधी आलीया."

"लई शाना झालास!" म्हणून गृहस्थ तरातरा चालते झाले, बायकोला हाक मारत. दोन जागा रिकाम्या राहिल्या. अण्णांनी चहा मागवला.

उतरलेली माणसं परत बसून उपयोग नव्हता, अण्णा त्यांना ओळखून होते. मी खिशात हात घातला, दोन जागांचं भाडं मीच देतो म्हणून. देवरामनं आरशातून पाहिलं.

"नगं, भाऊ. आज तुमी भरताल. उद्या कोण?"

"देवा, मी जाते मागं," म्हातारी हळूच म्हणाली. "माजं काय अडलंय?"

"माजं अडलंय, मावशे."

अण्णा बशीत ओतून चहा पीत होते. बशी संपली. त्यांनी कपातला उरलेला ओतला.

तेवढ्यात त्या गृहस्थांची बायको पदर खोचून जीपमागं आली, पाटी पायानं सरकवली आणि माझ्याशेजारी बसली.

"अहो!" नवरा लांबून ओरडला.

"मला दुपारच्या आत देव गाठायचाय. तुमी या सावकाश, पुढच्या शीटवर बसून!"

पुढच्या नंबरची गाडी पार रिकामी होती, तिचा ड्रायव्हर झोपलेला. गृहस्थ आले. कोंबड्या ओरडल्या. अण्णांनी कप ठेवला आणि शिट्टी मारली.

वळणापलीकडं मघाशी उतरलेली माणसं थांबली होती. ती मुकाट्यानं टपावर चढली. डिंभ्याच्या धरणाचं पाणी उजवीकडं दिसू लागलं तसं वरून गाणं ऐकू आलं. घाट देवरामनं इतर कुणीही चढवला असता तसाच चढवला.

तळेघरला मावशीच्या घरी नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं खाल्लं, आणि देव करून परतताना तांदूळ घेतला. गृहस्थांनी भाडं देताना सुट्टे मोजून घेतले होते.

परवा इतक्या वर्षांनी पुन्हा गेलो. रस्ता बरा झालाय, भाडं दुप्पट झालंय. देवरामच्या दोन जीपा नंबरात लागतात. त्याच्या गाडीत पुढच्या सीटसाठी हुज्जत घालू नका, आधी येईल तो बसतो. माझ्याआधी एक कोंबडीवाली बसली होती. मी मागं गेलो.

त्या वर्षीचा तो तांदूळ शिमग्यापर्यंत पुरला. पहिला भात वाढताना बायकोला सगळं सांगितलं होतं. तिनं विचारलं, "आणि म्हातारी उठली असती तर?"

"तर जीप वेळेवर सुटली असती."

"मग?"

"मग काही नाही. रोजच्यासारखीच सुटली असती."