मशीनला खरे कळावे म्हणून

सावनेर तालुक्यातील एका गावाच्या आरोग्य उपकेंद्रात मी परिचारिका आहे. रक्तदाबाची गोळी सुरू करणे किंवा वाढवणे हा निर्णय प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा. मोजणे, विचारणे आणि त्यांना फोनवर नीट सांगणे हे माझे काम. सांगण्यात चूक झाली की निर्णयही चुकतो, हे मी नोकरीच्या सुरुवातीलाच शिकले.

त्या दिवशी तपासणीला सत्तरीच्या एक आजी आल्या होत्या. मागे त्यांची सून उभी होती. रक्तदाब पुन्हा वाढलेला. आधी दोनदा डोस वाढवून झाला होता आणि आकड्याकडे पाहता आता तिसऱ्यांदा वाढवायला हवा होता. डॉक्टरांना लावण्यासाठी मी फोन उचललाही.

"वाढवून द्या मॅडम," सून म्हणाली. "घरी उठल्या का भोवळ येते यायले, पडतात. यंदा दीक्षाभूमीले नाही नेत मी. त्या गर्दीत पडल्या तं उचलन कोन?"

"तू काय नेतं वं मले?" आजी उसळल्या. "मी आईच्या कडेवर होती तवापासून जाऊन राहिली. तू तं काल आली!"

मी फोन खाली ठेवला. वाढलेला रक्तदाब डोस वाढवा म्हणत होता. उठताच येणारी भोवळ मात्र पुष्कळदा औषध जास्त झाल्याची खूण असते. दोन खुणा अशा विरुद्ध दिशांना बोट दाखवू लागल्या, की आपला एखादा प्रश्न विचारायचा राहून गेलेला असतो. "गोळी घेतली का?" हा तो प्रश्न नव्हे. त्याला आमच्याकडे सगळेच "हो" म्हणतात. सिस्टरला बरे वाटावे एवढाच हेतू. म्हणून मी म्हटले, "आजी, सकाळपासून तोंडात काय काय गेलं, ते क्रमाने सांगा."

"चहा. मंग भाकर अन् वांग्याची भाजी. थोडासा खर्रा..." सुनेकडे पाहून त्या थांबल्या.

"खर्ऱ्याचं, तंबाखूचं नंतर बोलू. आणि गोळी?"

"गोळी काहून खाईन? आज तपासणी हाय ना! दोन दिवस आधीपासूनच बंद. गोळी खाऊन आली तं मशीनले बिमारी दिसनच नाही. परीक्षेले कॉपी करून बसल्यावानी होते ते."

"आमी बी तसंच येतो," बाकावरून एक काका अभिमानाने म्हणाले. आणखी दोघांनी माना डोलावल्या.

आता उलगडा झाला. आम्ही रक्तदाब मोजत होतो बिनगोळीचा, आणि त्यावरून वाढवलेली गोळी आजी बाकीचे सगळे दिवस घरी प्रामाणिकपणे घेत होत्या.

डॉक्टरांना मी हे सारे घडले त्याच क्रमाने सांगितले. "मग आज काही वाढवायचं नाही," ते म्हणाले. "गोळ्या नियमित सुरू झाल्या की घरी जाऊन मोजा. बसवून एकदा, उभं करून एकदा."

थोड्या दिवसांनी मी घरी गेले. बसवून मोजला तेव्हा रक्तदाब उत्तम होता. उभे केले तसा तो झरकन उतरला आणि आजींनी माझा खांदा पकडला. तिथूनच फोन लावला. डॉक्टरांनी डोस कमी करून सुरुवातीच्या मात्रेवर आणला. पुढे दर आठवड्याला मी तशीच दोनदा मोजत राहिले. रक्तदाब आटोक्यात राहिला आणि भोवळ हळूहळू थांबली. उपकेंद्रात आता प्रत्येकाला माझे पहिले वाक्य असते: तपासणीच्या दिवशी गोळी घेऊनच यायचे.

आजी आता पडणार नाहीत, यावर सुनेचा विश्वास मात्र बसत नव्हता. "पाहू," एवढेच ती म्हणायची.

त्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला माझी नेमणूक दीक्षाभूमीजवळच्या वैद्यकीय कक्षात होती. दुपारी गर्दीतून वाट काढत पांढऱ्या लुगड्यातल्या आजी आत शिरल्या. मागून घामाघूम सून.

"थकली हे," सुनेकडे बोट दाखवत आजी म्हणाल्या. "हिले बसू द्या. अन् मले लावा मशीन. गोळी खाऊन आली!"

मी बसवून मोजला. मग म्हटले, "आता उभ्या राहा."

त्या उभ्या राहिल्या. दंडावरचा पट्टा सोडेपर्यंत त्यांनी आधारासाठी कशालाच हात लावला नाही.

"चाल वं," त्या सुनेला म्हणाल्या, "पुस्तकाचे स्टॉल राहिले अजून."