तेलाचं डोकं आन् तारांची टोपी

माझ्यासारखं डोकं आख्ख्या जळकोट तालुक्यात न्हाई. लातूरच्या दवाखान्यातली तारांची टोपी त्याला बसंना, म्हणून मशीनवरच्या मॅडमनं टेपनं दोनदा मोजलं आन् आतून मोठी टोपी मागवली.

लग्नात माइकवर आहेर पुकारायचं माझं काम. नवरदेवाच्या मामानं साधा तांब्या दिला तरी असा पुकारायचो की मांडव हसायचा. सोळा सालच्या दुष्काळात लग्नं घटली, पण माझं मन त्याच्या आधीच उडालं व्हतं. जेवण जाईना, कुठं बूड टेकंना. घरात भिंतीकडं तोंड करून पडायचो. लातूरच्या डाक्टरनं उदासीवरची गोळी दिली. दोन महिने खाल्ली, तोंड कोरडं पडलं, बाकी काही न्हाई. मग ते म्हणले, दुसरी गोळी हाय. ती तुमाला लागू पडंल का, याचा अंदाज डोक्यातल्या लहरी मोजून येतो का, ते आमी बघायलोय. या, पण डोकं धुवून या, तेल नको.

ते शेवटचं माझ्या कानात शिरलंच न्हाई. मोठ्या गावाला जायचं म्हणून मी खोबरेल चोपडून बायकोसंगं निघालो. एसटीत उदगीर जिल्हा होणार का न्हाई यावर जुंपली व्हती. मी दोन्हीकडून भांडलो.

टोपीच्या भोकाभोकात मॅडमनं जेल भरलं, तरी मशीनवर नुसती रेघांची गिचमिड. तेलानं तारा धरंनात. धुवायचं कशानं? लातूरला तवा प्यायचं पाणी रेल्वेनं येत व्हतं. बायकोनं वाटंसाठी आणलेली बाटली काढली आन् दवाखान्याच्या मागं माझ्या डोक्यावर पार रिकामी केली.

तारा धरल्या. मॅडम म्हणली डोळे मिटा, हलू नका, बोलू नका. डोळे मिटले. ही गोळीबी लागू न्हाई असं निघालं तर मग काय खायाचं? भ्या वाटलं की मला जोक सुचतेत.

"मॅडम, आत काही घावलं तर माइकवर पुकारू का?"

"जबडा हलवू नका. मेंदूची लहर दिसतच नाही, तुमच्या तोंडाचीच येते आहे."

तीनदा आधीच्या रेघा पुसून पुन्हा मोजलं.

कागद बघून डाक्टर म्हणले, लागू पडंल असं वाटतंय. पण हा अंदाज हाय, अजून पक्कं काही न्हाई; दीड महिना खाल्ल्यावरच कळंल.

"म्हंजे मशीन माझ्यावानीच हाय," मी म्हणलो. "बोलती लई, भरवसा न्हाई."

डाक्टर हसले, मॅडमबी हसली. बायको न्हाई हसली.

"परक्यांना हसवता," ती म्हणली. "मला चार महिन्यांत हूं का चूं न्हाई. गुमान गोळी खावा. आन् जोक आला तर घरी करा."