बॅटरीमामांचा मिटलेला डोळा

चित्रपटगृहाच्या दारावर तिकिटं फाडण्यात बॅटरीमामांची तीस वर्षं गेली. दुपारच्या खेळाला लोक रणरणत्या उन्हातून आत येत आणि आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखे चाचपडत. बॅटरी लावावी तर बसलेले ओरडत, "ओ मामा, डोळ्यांवर नको!" म्हणून मामांनी शक्कल काढली. बाहेर उजेडात उभं असताना उजवा डोळा घट्ट मिटायचा, आत शिरताच उघडायचा. त्या डोळ्याला अंधारातल्या खुर्च्यांचे नंबरसुद्धा वाचता येत.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण एका दुपारी शाळेतल्या एक बाई तिकीट घेऊन दाराशी आल्या आणि तशाच तरातरा मॅनेजरच्या खोलीत गेल्या. "तुमच्या माणसानं मला डोळा मारला!"

मामांची पाचावर धारण बसली. "मारला नाही हो साहेब, मिटून ठेवला होता!"

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी आण. नाहीतर घरी बस."

घरी मामींनी सगळं ऐकलं आणि पोट धरून हसल्या. "अहो, तुम्हाला डोळा मारता येत असता तर तीस वर्षांत एकदा तरी मला मारला असता!"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मामांचे दोन्ही डोळे तपासले आणि हसत म्हणाल्या, "मामा, तुम्ही तर शास्त्रज्ञ निघालात! डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी उजेडात काम करतात, रंग ओळखतात. दांड्यासारख्या पेशी अंधुक प्रकाशात कामाला येतात. पण भर उन्हात त्यांच्यातलं रसायन संपून जातं आणि ते पुन्हा भरायला अर्धा तास लागू शकतो. तुम्ही डोळा मिटता, त्यामुळे ते शाबूत राहतं."

"तरीच! लाल खुर्च्या मला आत राखाडी दिसतात."

"बरोबर. दांड्यांना रंगातलं काही कळत नाही."

डॉक्टरीणबाईंनी फी न घेता दिलेली चिठ्ठी वाचून मॅनेजर म्हणाले, "हॅ! अंधारात काय, मलाही दिसतं." आणि तावातावानं उन्हातून थेट आत शिरले. चौथ्या रांगेतून एक किंकाळी आली. साहेब एका जाडजूड आजोबांच्या मांडीवर बसले होते. मामांनीच दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं.

संध्याकाळी दारावर पाटी लागली : 'आमच्या माणसाचा एक डोळा कामानिमित्त बंद आहे. गैरसमज नसावा.'

पुढच्या आठवड्यात त्याच बाई नवऱ्याला घेऊन आल्या. पाटी वाचून ओशाळल्या. "मामा, चुकलंच माझं."

"असू द्या हो बाई. तुमच्यामुळे तर डोळे फुकटात तपासून झाले," असं म्हणत मामांनी तिकिटं फाडली. डोळा मात्र उघडला नाही.