नव्या कार्बुरेटरची पूजा

आमच्या मालकांच्या मेहुण्याला मोटारीतलं नेमकं काय कळत होतं, हे सांगायला फार शाई लागत नाही. हॉर्न कुठे असतो, एवढं त्याला कळत होतं. दोन महिने तो हैदराबादेत एका वकिलाकडे राहून आला. त्या वकिलाच्या शेजाऱ्याकडे मोटार होती. तेवढ्या पुण्याईवर हा गृहस्थ आष्टीत परतला तो मोटारीचा पक्का जाणकार होऊनच. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि डोळ्यांवर धुळीचा गॉगल. मोटार झाडाखाली उभी असली तरी गॉगल उतरत नसे. जेवताना उतरे, कारण आमटीच्या वाफेने काच धुरकट होई.

मी तेव्हा आष्टीच्या एका बड्या जमीनदाराकडे ड्रायव्हर होतो. निजामाचं राज्य होतं. परतूर स्टेशनापासून आष्टीपर्यंतच्या रस्त्यावर मोटार धावायची ती आमचीच, म्हणजे धावायची तेव्हा. कुणा नवाबाने वापरून, कंटाळून काढून टाकलेली अमेरिकन मोटार होती ती. कापडी टप, आणि एक दार काथ्याने बांधलेलं. तिला गाडी म्हटलेलं मालकांना खपत नसे. "गाडी बैलाची असती. मोटार म्हन!" ते डाफरायचे.

त्या मोटारीच्या कार्बुरेटरला तडा गेला. नवा सिकंदराबादहून मागवला. तो लाकडी खोक्यात बसून परतूरला उतरला त्याच आठवड्यात सांगावा आला की गुरुवारी तालुकदार साहेब, म्हणजे निजामाचा जिल्हा कलेक्टरच, दौऱ्यावर येणार, दुपारच्या गाडीने. मालकांची झोप उडाली. साहेबाला स्वतःच्या मोटारीतून गावात आणायचं, वेशीपासून हॉर्न वाजवत आणायचं, हे त्यांचं कित्येक वर्षांचं स्वप्न होतं.

मेहुण्याने बरोबर वेळ साधली. "दाजी, ह्या डायवरला जिनिंगातलं इंजिन ठाऊक. मोटार न्हाई. मला द्या, मी चालू करतो आन् मीच साहेबाला आनतो."

मालकांनी मिशीवरून हात फिरवला आणि निवाडा दिला. "ज्याच्या हातानं चालू होईल, स्टेरिंग त्याच्या हातात. कायमचं."

कायमचं! जालन्याच्या जिनिंगमध्ये तीन वर्षं सरकीची धूळ खाऊन मी इथवर आलो होतो. हरलो तर परत तीच धूळ, आणि माझ्या जागेवर हा गॉगलवाला.

प्लगही नवे लागणार होते, म्हणून आम्ही दोघं रेल्वेने जालन्याला गेलो. मस्तगडच्या बाजूला सुट्या भागांचं एक दुकान होतं. दुकानदार मियाँ मोठे सभ्य. त्यांनी दोन डब्या पुढे ठेवल्या. "गरम होना कि थंडा?"

"थंडा!" मेहुणा ताडकन म्हणाला. "उन्हाळ्याचं गरम कोन घेतं? आमच्याकडं ऊन बघताय ना? पोटात उष्णता व्हईल मोटारीच्या."

मियाँनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. हसू आवरायला छत फार उपयोगी पडतं. आमचं इंजिन म्हातारं, तेल पिणारं. अशा इंजिनात थंड प्लग लावला की त्याच्या टोकावर काजळी धरते आणि ठिणगी मरते. गरम प्लग स्वतःची काजळी स्वतः जाळतो. उन्हाळ्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण हे सांगायचं कुणाला? ज्याने प्लगला ताक पाजायचं ठरवलंय त्याला? मी चार गरम घेतले, त्याने चार थंड घेतले, आणि परतीच्या डब्यात आम्ही आपापली डबी मांडीवर घेऊन समोरासमोर बसलो, दोन वरपक्षांसारखे.

घरी पूजेची तयारी. मालकांकडे नवा नांगर असो की नवं जातं, हळदकुंकू लागल्याशिवाय कामाला लागत नसे. कार्बुरेटरही पाटावर विराजमान झाला. लोक जमले होते, तेव्हा मी गप्प बसतो थोडाच! मी त्याच्या वाटीचं झाकण उघडलं आणि व्याख्यान लावलं. "हा तरंगता डबा बघा, मालक. पेट्रोल भरलं की हा वर येतो. मग ह्या तरफा सुईला खाली दाबतात, सुई तळाच्या भोकात बसते आणि पेट्रोल बंद. एवढंसं भोक, पण सगळी मोटार त्याच्यावर."

"हे आमाला ठाऊकच हाय," गॉगल म्हणाला.

मालकांनी प्रत्येकाच्या हातावर अक्षता दिल्या. लोक भाविकपणे चार-चार दाणे टाकत होते. मला त्या सगळ्यांची कीव आली. लोखंडाचं लग्न लावताय, तर नीट लावा! मी मूठ भरून घेतली, खड्या आवाजात "सावधान" म्हणालो आणि नवरानवरीवर टाकतात तशा अक्षता उधळल्या. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मालकसुद्धा हसले. मी वाटीत एक फुंकर मारली, झाकण बंद केलं, आणि कामाला लागलो.

जुनं पॅकिंग खरवडलं, नवं कापून बसवलं, दोन्ही नट सारखे आवळले, पेट्रोलची नळी जोडली. पोस्टकार्ड दुमडून त्याच्या जाडीने प्लगची फट बेतली आणि गरम प्लग लावले. हँडल मारलं. मोटार खोकली, काळा धूर ओकली आणि मेली. परत मारलं. परत मेली. प्लग काढले तर काळे आणि ओलेचिंब.

मेहुण्याचे थंड लावले. तेही ओलेचिंब. तेवढं मात्र बघायला गोड वाटलं.

"खाली पेट्रोल गळून राह्यलंय," तो वाकून म्हणाला.

"नवा आहे पाव्हणं, आंग धुतोय."

"वास पन लई येऊन राह्यला."

"मग मोटारीतून काय अत्तराचा वास यायला पाहिजे?"

लोक हसले. असं दीड दिवस चाललं. मी प्लग चुलीच्या आरावर सुकवले, फट कमी केली, वाढवली, तारांची अदलाबदल केली. तो दर तासाला गळतंय म्हणायचा आणि मी दर तासाला नवं उत्तर द्यायचो. मूर्ख माणसाचं ऐकायचं नाही, हा माझा बाणा होता.

गुरुवारी जेवणं झाल्यावर मालक अंगणात आले. मोटारीकडे न बघता गड्याला म्हणाले, "दमणी जुपा." साहेबाला आणायला बैलांची दमणी! मग माझ्याकडे वळले. "तू जालन्याला जा. जिनिंगात जागा असंल तुझी अजून."

ते आत गेले. मी रागाच्या भरात कार्बुरेटर उतरवायला निघालो आणि आधी झाकण उघडलं. तळाच्या भोकात, जिथे सुई बसायची नेमक्या त्या जागी, हळदीने पिवळा झालेला एक तांदूळ आडवा झाला होता. सुई त्याच्यावर टेकत होती, भोक बंद होत नव्हतं, आणि पेट्रोल वाहतच होतं. लोकांचे भाविक दाणे पाटावर पडले होते. वाटीत मूठभर उधळणारा एकटाच होता.

मी दाणा नखाने उचलला. तेवढ्यात मागे कॅनव्हासचे बूट वाजले. "काय घावलं?"

मी दाणा तोंडात टाकला आणि चावला. पेट्रोल, हळद आणि कच्चा तांदूळ. असा नैवेद्य कुठल्या देवाला दाखवू नये.

"काही न्हाई," मी म्हणालो, "प्लग बदलतोय."

झाकण बंद केलं, सुकवलेले गरम प्लग लावले. हँडलचा एकच झटका, आणि मोटार अशी गरजली की दमणीचे बैल जू टाकून बाजूला झाले. मालक अर्ध्या धोतरानिशी बाहेर धावले. मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "गरम प्लगच लागत होते, मालक. मी जालन्यातच म्हणत होतो."

"आन् गळत होतं ते?" मेहुण्याने खाली वाकून पाहिलं. खाली कोरडं होतं. त्याने दीड दिवस खरं तेच सांगितलं होतं, हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. मी त्याला मोठ्या प्रेमाने म्हणालो, "थंड प्लगानं गळतं, पाव्हणं."

मालक माझ्या शेजारी बसले. साहेबाच्या सामानासाठी दमणीही हवीच होती, तिच्यात मेहुणा बसला. स्टेशनाकडे जाताना मला पेट्रोलचे ढेकर येत होते आणि मी दर ढेकराला हॉर्न वाजवत होतो. वळणावर मागे पाहिलं. आमची सगळी धूळ दमणीवर उतरत होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्या गॉगलचा काही उपयोग होत होता.