प्रभुभोजनाला आई उठली नाही

आमच्या वर्ध्याच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. एकेका बाकावरची माणसं पुढे जातात, गुडघे टेकतात, पाळकांच्या हातून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाची इवलीशी पेली घेतात. त्या रविवारी आमच्या बाकाची पाळी आली. मी उठले, आई बसूनच राहिली. पायाला मुंग्या आल्या असतील म्हणून मी हात पुढे केला. तिने मान हलवली. "तू जा," म्हणाली.

मी गेले. आई का उठली नाही हे मला माहीत होतं, कारण ते मीच घडवून आणलं होतं.

आई मूळची रोहण्याची. माहेरी शेती आहे. वांगी, टमाटर, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या बाजारात नेणारं घर. बाबा ख्रिस्ती. लग्न झालं तेव्हा माहेरचं दार बंद झालं. फक्त धाकट्या मामाने ते मानलं नाही. दुसऱ्याच वर्षी तो भाऊबीजेला वर्ध्याला आला आणि आईला सोबत घेऊन गेला. तेव्हापासून, बाबा गेल्यावरही, आई दर भाऊबीजेला रोहण्याला जायची. मामाला ओवाळायची, जेवायची आणि भाजीची पिशवी घेऊन संध्याकाळच्या बसने परत यायची. रविवारी चर्चला. या दोन गोष्टींत तिला कधी अडचण दिसली नाही. जुन्या पाळकसाहेबांनाही दिसली नाही. उलट ती वांगी ते आवडीने खायचे.

ते निवृत्त झाले आणि नवे पाळक आले. चाळिशीच्या आतले, अभ्यासू, स्वतःचे दोनच शर्ट असलेले. पहिल्याच महिन्यात त्यांनी दाराशी एक कागद लावला. टिकली नको, काचेच्या बांगड्या नकोत, सिनेमा नको, शेजाऱ्यांच्या सणाचं काही खायचं नाही. यातलं काही मोडलं असेल तर पुढे येऊन भाकरीला हात लावायचा नाही. त्यांच्या उपदेशात देवाच्या आधी देवाचा राग येई. हळूहळू गाण्यांचा आवाज खाली गेला. उपासना संपल्यावर अंगणात गप्पा मारत उभी राहणारी माणसं चपला घालून सरळ घरी जाऊ लागली.

आज लिहायला लाज वाटते, पण मला ते सगळं आवडलं होतं. मी सावंगीच्या दवाखान्यात रक्त तपासते. तिथे प्रत्येक गोष्टीची मर्यादा छापलेली असते, त्याच्या आत असलात की तुम्ही बरे. देवाकडेही इतकं सोपं असेल तर किती छान, असं मला वाटे. मी बांगड्या काढल्या. आरशासमोर उभी राहून कपाळ स्वच्छ आहे ना, ते बघू लागले. मग दुसऱ्यांची कपाळं बघू लागले.

दिवाळीच्या थोडं आधी मी पाळकांना गाठलं. म्हटलं, "आईसाठी प्रार्थना करा. ती भाऊबीजेला माहेरी ओवाळते. तिथला नैवेद्याचा फराळ खाते."

त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. पुढच्या रविवारी उपदेशात ते म्हणाले, "आपल्यात अशी एक बहीण आहे, जी एका हाताने आरतीचं ताट धरते आणि दुसरा हात प्रभूच्या भाकरीपुढे पसरते. तिने स्वतःला विचारावं, आपण कोणाचे?"

नाव घेतलं नाही. आमचं चर्च लहान आहे. नावाची गरजच नव्हती. दोन-तीन माना वळल्या. आई समोर बघत राहिली. घरी येताना ऑटोत तिने फक्त एवढंच विचारलं, "तू सांगतलं का?"

मी "हो" म्हटलं. "तुझ्या भल्यासाठी," असंही म्हटलं.

त्या वर्षी ती रोहण्याला गेली नाही. प्रभुभोजनालाही उठली नाही. मला वाटलं होतं, एक सोडलं की दुसरं मिळेल. तिचं दोन्ही सुटलं. भाकरीवर हात ठेवून ती जेवणाआधी दोन ओळींची प्रार्थना करायची, तीही थांबली. एकदा मी म्हटलं, "आई, प्रार्थना?"

"तू कर. माह्यी तेथवर जात असंल का नाई, काय माहीत."

भाऊबीजेनंतर आठवड्याभराने दुपारी मामा आला. पिशवी दारात ठेवली, पाणी प्यायला आणि खाली बसला. तो आईला बाई म्हणतो.

"काऊन आली नाई वं बाई? बिमार होती का?"

"नाई."

"मंग?"

आईने माझ्याकडे बघितलं. मीच सांगितलं, अडखळत, नियमाचं आणि नैवेद्याचं. मामाने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "तुमच्या देवाले माह्या घरची भाकर चालत नाई, असंच ना? मंग बाई, तू टाक भाकर. मी खातो. माह्या देवाले तुह्या घरची चालते."

आई उठली. तिने ज्वारीचं पीठ घेतलं आणि मळता मळता रडायला लागली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडत होती. मामा जेवला, भाजी दोनदा मागून घेतली, आणि जाताना मला म्हणाला, "आईकडे लक्ष ठेवजो." रागाचा एक शब्दही नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

तो गेल्यावर मी आईजवळ बसले. म्हटलं, "आई, माझं चुकलं."

ती म्हणाली, "तुले भेव दाखवलं, तू भ्याली. मीही भ्याली."

पुढच्या रविवारी मी पाळकांना सांगितलं की आईने प्रार्थना सोडली आहे. त्यांनी वाद घातला नाही. चेहरा उतरला एवढं खरं. "मला तिला जवळ आणायचं होतं," म्हणाले. गुरुवारी ते घरी आले. चहा झाला. त्यांनी बायबल उघडलं, पान शोधू लागले, तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "पाळकसाहेब, आज नियम नका वाचू. नुसती प्रार्थना करा माह्यासाठी."

त्यांनी पुस्तक मिटलं. डोळे मिटले. मग ते म्हणाले, "प्रभो, या घरात शांती असू दे. आमेन." इतकी लहान प्रार्थना मी त्यांच्या तोंडून आधी ऐकली नव्हती.

त्यानंतर ते बदलले असं म्हणता येणार नाही. कागद दाराशी राहिला, त्यांची बदली होईपर्यंत. तोवर काही घरं चर्चला यायची थांबली होती, ती अजून आलेली नाहीत. आई पुढच्या दिवाळीला रोहण्याला गेली, कोणालाही न विचारता. घरातली तिची प्रार्थना त्याच्याही आधी परत आली होती. एका सकाळी स्वयंपाकघरातून पुटपुट ऐकू आली आणि मी दाराबाहेरच थांबले. प्रभुभोजनाला मात्र ती दीड वर्षाने उठली. तेव्हा नवीन पाळकबाई आल्या होत्या.

माझं म्हणाल तर मी दर रविवारी जाते. उपदेशाचा आवाज अजूनही कधी कधी चढतो. मग मी उठते, बाहेर कडुलिंबाखाली जरा उभी राहते, आणि गाणं सुरू झालं की परत आत येऊन बसते.